बारा बाय सव्वा : जुन्या फियाटच्या चाकाचे बोल्ट कसे शोधावेत

मारुती किंवा होंडा चालवून फियाटकडे आलेला माणूस पहिलं चाक खोलताना एकदा तरी फसतो. त्याच्या डोक्यात नट असतो. नट काढले की चाक स्टडवर, म्हणजे गाडीतून बाहेर आलेल्या आटेवाल्या दांड्यांवर, लटकून राहणार, आपण आरामात उचलून घेणार. इथे स्टडच नाहीत. चार बोल्ट डिशमधून (चाकाची धातूची तबकडी) थेट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) पिळलेले, आणि चौथा निघाला की चाक सरळ खाली. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला हे पालियो घेतल्यावर आठवड्याभरात कळलं.

पुढचं मात्र कळायला दीड वर्ष आणि एक हब खर्ची पडला. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, सगळीकडे फिरलो. दुकानात जाऊन "फियाटचा बोल्ट द्या" म्हणायचो आणि चूक तिथेच व्हायची. बोल्ट गाडीच्या नावाने मागायचा नसतो, मापाने मागायचा असतो. नव्वदच्या दशकातली उनो, १९९९ ची सिएना, २००१ ला आलेली पालियो, नंतरची पेट्रा, यांपैकी काही तुमच्या दारात असेल तर खालची मापं तुमचीच आहेत. पद्मिनीवाल्यांनी पद्धत हीच वापरावी, पण आकडे स्वतःच्या गाडीवरून घ्यावेत.

हाताशी काय हवं

जुना बोल्ट (चारही चाकांचा एकेक, का ते पुढे सांगतो), आरसी बुक, गाडीचं मॅन्युअल मिळालं तर उत्तम. आरसीवरचा चॅसी नंबर पार्ट नंबर शोधताना लागतो. अवजारांत व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी), प्लास्टिकचा स्वस्तातलाही चालेल. तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, थोडं डिझेल, १७ आणि १९ चा पाना, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा). आणि मारुतीच्या चाकाचा एक जुना नट, दोन्ही बाजूंनी उघडा असलेला. हा नट कुठल्याही गॅरेजच्या डब्यात सापडतो आणि या अख्ख्या यादीतलं सगळ्यात कामाचं अवजार तोच आहे.

१. आधी गाडीवर आत्ता काय आहे ते बघा

वीस वर्षांच्या गाडीवर चारही चाकांना कंपनीचेच बोल्ट असतील अशी आशा धरू नका. माझ्या गाडीवर सोळा बोल्टांत तीन जाती निघाल्या. त्यातल्या दोन पूर्वीच्या मालकाच्या, एक रस्त्यावरच्या कुणा पंक्चरवाल्याची. म्हणून प्रत्येक चाकाचा एकेक बोल्ट काढून शेजारी शेजारी ठेवा. डोक्याची उंची, मान, आट्यांची लांबी, डोळ्यांनाच फरक दिसतो.

एका वेळी एकच बोल्ट काढा, तोही चाक जमिनीवर असताना. बाकीचे तीन जागेवर असले की गाडी कुठे जात नाही.

काढलेला बोल्ट डिझेलमध्ये तासभर भिजवून ब्रशने घासा. आपल्याकडे खाऱ्या हवेचा गंज आणि जांभ्याची लाल माती मिळून आट्यांत असा काही थर बसतो की मापच चुकतं. घासल्यावर डोक्यावर कोरलेला आकडा दिसतो का पाहा. १०.९ असेल तर बोल्ट बऱ्या घराण्यातला. ८.८ असेल किंवा काहीच नसेल तर तो बाजूला काढा. १०.९ चा अर्थ असा की त्या पोलादाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन, आणि तिच्या ९० टक्क्यांपर्यंत ते कायमचं लांबत नाही. ८.८ मध्ये हाच आकडा ८०० आणि ८० टक्के.

२. आटे मोजा

फियाटच्या या पिढीचा बोल्ट १२ मिलिमीटर व्यासाचा आणि १.२५ पिचचा, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत १.२५ मिलिमीटर. वर्कशॉपच्या भाषेत बारा बाय सव्वा. ह्युंदाई, होंडाच्या चाकांना बारा बाय दीड असतो. हार्डवेअरच्या दुकानात १२ चा साधा बोल्ट मागितला तर पावणेदोनचा मिळतो. तिन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात. खरा घोळ सव्वा आणि दीडमध्ये होतो. दीडचा बोल्ट सव्वाच्या हबमध्ये सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोटांनीही जातो आणि मग अडतो. अडल्यावर अनुभवी माणूस थांबतो. घाईतला माणूस एअर गन लावतो.

माझ्या गाडीला ती लागली. भर जुलैत, हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात. बोल्ट अडला तेव्हा मी म्हटलं, बघा जरा, काहीतरी चुकतंय. उत्तर आलं, "बसता मां? मगे झाला!" बसला खरा. पुढच्या वेळी काढला तेव्हा त्याच्यासोबत हबमधल्या आट्यांची चकचकीत तार बाहेर आली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी.

मोजायचं असं. बोल्ट व्हर्नियरमध्ये आडवा धरा. एका आट्याच्या धारेवरून सुरू करून पुढचे दहा आटे मोजा. अंतर १२.५ मिलिमीटर आलं तर सव्वा, १५ आलं तर दीड. एकेका आट्याचं माप घ्यायला जाऊ नका, पाव मिलिमीटरचा फरक गंजात हरवतो. दुसरी रीत, खात्रीचा बोल्ट आणि नवा बोल्ट यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. पिच एकच असेल तर फट दिसत नाही. वेगळी असेल तर मधून प्रकाशाच्या रेघा येतात.

आणि तिसरी, दुकानातच उभ्याउभ्या करायची. ८००, आल्टो, स्विफ्ट, या मारुतींच्या चाकाचा नटही बारा बाय सव्वाच असतो. खिशातला तो नट नव्या बोल्टवर बोटांनी फिरवायचा. शेवटपर्यंत गुळगुळीत गेला तर आटे बरोबर. तिसऱ्या फेऱ्याला अडखळला तर बोल्ट परत द्या, दुकानदार काहीही म्हणो. नट घरी विसरला असाल तर "मारुतीचो नट आसा काय?" म्हणून तिथेच मागा, असतोच.

३. बैठक : कोन की गोल

डोक्याखालचा जो भाग डिशच्या भोकात टेकतो त्याला बैठक म्हणू. फियाटची बैठक निमुळती, साठ अंशांच्या कोनाची. फोक्सवॅगन आणि स्कोडाची गोल, चेंडूच्या कापासारखी. पोलो-फॅबियाचा बोल्ट मुळात १४ चा, तो आपल्या भोकात शिरणारच नाही. पण बाजारात १२ चे गोल बैठकीचे बोल्टही फिरतात आणि आटे जुळले की ते बिनदिक्कत दिले जातात. गोल बैठक कोनाच्या भोकात फक्त एका पातळ रेघेवर टेकते. टाइट केल्यावर घट्ट वाटते, पण शे-दोनशे किलोमीटरांत ती रेघ दबते आणि बोल्ट सैल.

शंका असेल तर बैठकीला परमनंट मार्करची शाई फासा, बोल्ट हलका आवळा, काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर बैठक जुळली. एकच बारीक वर्तुळ पुसलं गेलं असेल तर नाही जुळली.

सपाट वॉशर घालून काम भागवणारेही भेटतात. त्यांच्याकडे टायरात हवासुद्धा भरू नका.

४. लांबी

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण लांबी गाडीवर नाही, डिशवर ठरते. लोखंडी डिश बोल्टाच्या जागी पातळ असते, अलॉय जाड. लोखंडीचा बोल्ट अलॉयला लावला तर हबमध्ये चारच आटे धरतात. अलॉयचा बोल्ट लोखंडी डिशला लावला तर टोक हबच्या मागे बाहेर येतं. पुढे ते नकलला (हबला धरून ठेवणाऱ्या भागाला) घासू शकतं, मागे ड्रमच्या आत ब्रेकच्या सामानाला.

बोल्टची लांबी बैठक संपते तिथून टोकापर्यंत मोजतात, डोक्यासकट नाही. दुकानदाराशी बोलताना हे स्पष्ट करा, नाहीतर तो एक मोजतो आणि तुम्ही दुसरं.

पण अलॉयची बैठक किती खोल आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे मी नुसत्या लांबीवर भरवसा ठेवत नाही. माझी पद्धत अशी. कंपनीची लोखंडी डिश जमिनीवर ठेवा. तिच्या भोकात कंपनीचा बोल्ट घाला, बैठक नीट टेकवा. आता डिशच्या मागून, जो भाग हबला चिकटतो त्या सपाट पृष्ठभागापासून बोल्ट किती बाहेर आलाय ते व्हर्नियरच्या शेपटीने मोजा. हा आकडा लिहून ठेवा. मग अलॉय आणि नवा बोल्ट घेऊन तेच करा. दोन्ही आकडे एकमेकांच्या एक-दोन मिलिमीटरांत असले पाहिजेत. यात हब, ड्रम, डिस्क कशाचाच हिशेब करावा लागत नाही, तो कंपनीने आधीच केलेला आहे.

कंपनीचा बोल्टच उरला नसेल तर फेरे मोजा. बोल्टच्या व्यासाइतकी लांबी तरी हबमध्ये धरली पाहिजे, म्हणजे १२ मिलिमीटर. सव्वाच्या पिचला हे साडेनऊ फेऱ्यांच्या वर जातं. चाक हबला पूर्ण चिकटवून, बोल्ट धरल्यापासून बैठक टेकेपर्यंत दहा फेरे भरले तर ठीक. सहाच भरले तर बोल्ट आखूड.

बसवल्यावर चाक हवेत असताना, हँडब्रेक सोडून, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कर्र असा बारीकसा आवाज आला तरी थांबा आणि टोकं तपासा.

५. स्टेपनीचा सापळा

याला वेगळा क्रमांक देतोय कारण मी स्वतः यात सापडलो. चार चाकांना अलॉय घातली, लांब बोल्ट शोधून लावले, खूश होतो. स्टेपनी मात्र कंपनीची, लोखंडी. फोंडा घाटात मागचं डावं चाक पंक्चर झालं. धुकं, पाऊस, वरून झाडाचं पाणी मानेत. स्टेपनी चढवली, तेच बोल्ट परत आवळले आणि निघालो. शंभर मीटरवर मागून खरवडल्यासारखा आवाज. परत जॅक, परत चिखलात गुडघे. लांब बोल्टांची टोकं ड्रमच्या आत पोचली होती. घाटात त्या क्षणी माझ्याकडे आखूड बोल्ट एकही नव्हता. चाक पंक्चर काढायला न्यायला माझा मावसभाऊ कणकवलीहून दुचाकीवर आला, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

अलॉयवाल्यांनो, लोखंडी स्टेपनीसाठी चार आखूड बोल्ट डिकीत वेगळे ठेवा. लॉकवाला बोल्ट लावला असेल तर त्याची चावीही तिथेच.

६. अलॉय बदलताना भोकांचं वर्तुळ तपासा

या फियाटचं वर्तुळ ४ बाय ९८, म्हणजे समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर ९८ मिलिमीटर. स्विफ्ट आणि तिच्यासारख्या कित्येक गाड्यांचं ४ बाय १००. बाजारात ढिगाने मिळणारी सेकंडहँड अलॉय बहुतेक १०० ची. फरक दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बोल्टला एक. तेवढा तर ओढून बसतो, असं तुम्हाला सांगितलं जाईल. बसतो, पण बोल्ट तिरका बसतो, बैठक एका कडेवर टेकते आणि चाक हबच्या मधोमध राहत नाही.

शिवाय हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास फियाटला ५८.१ मिलिमीटर आणि स्विफ्टच्या मूळ अलॉयचं मधलं भोक ५४.१. ते बसतच नाही, म्हणून लेथवर नेऊन मोठं करून देतात. असं कुणी सुचवलं की समजावं आपण चुकीच्या अलॉयच्या मागे लागलोय. उलट बाजूने, बाहेरच्या कंपन्यांच्या अलॉयचं मधलं भोक ५८.१ पेक्षा मोठं असेल तर मधली रिंग मागून घ्या.

सरकत्या बैठकीचे बोल्ट मिळतात, ते हा दोन मिलिमीटरचा फरक सांभाळतात. चांगल्या कंपनीचे असतील तर चालतातही. करूळ-आंबोलीचे घाट करणाऱ्या गाडीला मी ते लावणार नाही, एवढंच सांगतो.

७. गंजावर उपाय शोधताना स्टेनलेसच्या नादी लागू नका

किनाऱ्यावर राहणाऱ्याला ही बुद्धी सुचतेच. बोटींचं सामान मिळतं तिथे स्टेनलेसचे बोल्ट दिसतात, चकाचक, गंजाचं नाव नाही. लेथवाला बैठकही काढून देतो म्हणतो. नको. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० न्यूटनची, आपल्याला हवी १०००. वर स्टेनलेसचे आटे आवळताना चिकटून बसायची खोड आहे.

जुने बोल्ट आम्लात धुऊन पुन्हा प्लेटिंग करून घेणं हाही तसलाच उद्योग. एवढ्या कणखर पोलादात त्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरतो आणि नंतर योग्य वेळ तापवून तो काढला नाही तर बोल्ट ठिसूळ होतो. वरून नवा दिसतो आणि एक दिवस मान तुटते.

डोक्यावरचा तांबूस गंज निरुपद्रवी असतो. बैठकीवर किंवा मानेजवळ खड्डे पडले असतील, आटे वर खाली पातळ झाले असतील, तर बोल्ट भंगारात. गाडी दर्यावर नेली, जेटीवरून किंवा पुळणीवरून आली, की चाकांवर गोड्या पाण्याची बादली ओता. यापेक्षा मोठा उपाय मला सापडलेला नाही.

८. कुठे मागायचे, कसे मागायचे

तालुक्याच्या दुकानात मिळाले तर नशीब. फियाटने भारतातलं उत्पादन २०१९ च्या सुमारास बंद केलं, तेव्हापासून लहान दुकानदार माल ठेवत नाहीत. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्याची नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकानं, या क्रमाने फोन लावा. नंतरच्या लिनिया आणि पुंटोचे बोल्टही बारा बाय सव्वाचे, त्यामुळे "पालियोचा नाही, लिनियाचा आहे" म्हटलं तर फोन ठेवू नका, लांबी आणि बैठक विचारा. कुर्ल्याच्या भंगारातून आलेले वापरलेले बोल्ट मी घेत नाही. कुणी त्यावर किती उड्या मारल्यात ते कसं कळणार?

फोनवर गाडीचं नाव शेवटी सांगा. मी अशी चिठ्ठी पाठवतो :

"चाकाचा बोल्ट. बारा बाय सव्वा. साठ अंशी निमुळती बैठक. डोकं १७ चं. बैठकीखालची लांबी अमुक मि.मी. ग्रेड १०.९. नग २०. सोबत जुन्या बोल्टचा व्हर्नियर लावलेला फोटो."

लागतात सोळा, मागवा वीस. चारांसाठी परत कुरिअर करायचं दुःख मी भोगलंय.

९. बसवणं

हबमधले आटे आधी ब्रशने साफ करा. फारच माती असेल तर बारा बाय सव्वाचा टॅप (आटे पाडायचं अवजार) हाताने, हळू फिरवा. आटे गेलेच असतील तर हब बदला, बोल्ट जाड करून जुगाड नको. हबचा सपाट भाग आणि मधला उंचवटा घासून त्याच्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला तर पुढच्या वेळी चाक लाथा न मारता निघतं. आटे आणि बैठक मात्र कोरडी ठेवा. आट्यांना ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

चाक भोकांसमोर धरून ठेवायला एक खुंटी करून घ्या. बारा बाय सव्वाचा जुना लांब बोल्ट, डोकं कापलेला. तो वरच्या भोकात हाताने पिळायचा, चाक त्याच्यावर लटकवायचं, बाकीचे तीन बोल्ट लावायचे आणि मग खुंटी काढून चौथा. माझा अंगठा तेव्हापासून सुरक्षित आहे.

चारही बोल्ट आधी बोटांनी, तळापर्यंत. पाना नंतर, समोरासमोरचे जोडीने. गाडी खाली घेऊन टॉर्क पाना ८६ न्यूटन मीटरवर, उनो-पालियोचा आकडा हाच. पान्यावर उभं राहायची सवय असेल तर हा हिशेब करा : सत्तर किलोचा माणूस फूटभर पान्याच्या टोकावर उभा राहिला की २०० न्यूटन मीटरच्या वर जोर पडतो. दुप्पटीहून जास्त. एअर गनवाल्याला हात जोडून सांगा, शेवटचं आवळणं मी करतो.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की, चाकं थंड असताना, पुन्हा टॉर्क पाना लावा. नव्या अलॉयवर पहिल्या वेळी एखादा बोल्ट थोडा फिरतोच. दुसऱ्या वेळीही फिरला तर बैठक जुळलेली नाही, तिसऱ्या पायरीवर परत या.

माझे आखूड चार बोल्ट आणि ती खुंटी आता हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत, सुती फडक्यात गुंडाळून, स्टेपनीच्या पोटात असतात. मारुतीचा नटही त्यातच आहे.